रॅली गाडीत प्लेटवाला डिफ: जानेवारी ते एप्रिलच्या नोंदी

७ जानेवारी

जुना ओपन डिफ, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारा साधा डिफरन्शियल, आज गाडीतून उतरवला. दोन सीझन त्याचं एकच दुखणं होतं. घट्ट वळणातून बाहेर पडताना आतलं मागचं चाक हलकं व्हायचं, मी थ्रॉटल दिला की ते खडी उडवत जागच्या जागी फिरायचं आणि गाडी काही पुढे सरकायची नाही. ओपन डिफ दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देतो. आतल्या चाकाला झेपेल तेवढाच बाहेरच्यालाही मिळतो, मग बाहेरच्याखाली पकड कितीही असो.

त्याच्या जागी प्लेटवाला एलएसडी (लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल) येतोय, एक चाक घसरलं तरी घासणाऱ्या प्लेटांमुळे दुसऱ्याला जोर देणारा. वापरलेला आहे, आधी डांबरावर पळणाऱ्या गाडीत होता. एक्सल आमचाच, क्राउन-पिनियन ही मोठ्या-लहान गिअरांची जोडीही आमचीच, ४.१ गुणोत्तराची. ताई माझी को-ड्रायव्हर, रस्त्याच्या नोट्स तीच वाचते. तिने विचारलं, "टॉर्सनसारखा नुसत्या गिअरांवर चालणारा का नको? त्यात प्लेटा झिजायची भानगडच नाही." गुळगुळीत रस्त्यावर तिचं म्हणणं बरोबर आहे. पण तसा डिफ एका चाकावरच्या टॉर्कच्या ठरावीक पट टॉर्क दुसऱ्या चाकाला देतो. चाक हवेत गेलं की तिथला टॉर्क शून्य, आणि शून्याची कितीही पट केली तरी शून्यच. खड्ड्याखळग्यांच्या रस्त्यावर आमचं आतलं चाक सारखं जमीन सोडतं.

११ जानेवारी

क्राउन व्हील, म्हणजे जोडीतलं मोठं गिअर, नव्या कॅरियरवर, म्हणजे डिफच्या फिरणाऱ्या डब्यावर, चढवलं. ते घट्ट बसतं, म्हणून ओव्हनमध्ये साधारण ९० अंशांपर्यंत तापवलं आणि जाड हातमोजे घालून कॅरियरवर ठेवलं. आपल्या वजनानेच खाली जाऊन बसलं. इथे हातोडी लावायची नाही. एका बाजूने तिरकं बसलं तर पुढची सगळी मापं खोटी येतात. बोल्ट नवे, थ्रेडलॉक लावून, समोरासमोरच्या क्रमाने तीन टप्प्यांत आवळले.

पिनियनला हात लावला नाही, त्यामुळे त्याची खोली आहे तीच राहिली. प्रश्न फक्त क्राउन व्हील डावी-उजवीकडे किती सरकलं एवढाच. डायल गेजची सुई क्राउन व्हीलच्या दाताला बाहेरच्या टोकापाशी काटकोनात टेकवली, पिनियन धरून ठेवला आणि क्राउन व्हील हलकेच पुढे-मागे हलवलं. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी हालचाल, ०.२१ मिमी. या एक्सलच्या मॅन्युअलमध्ये ०.१० ते ०.१५ दिलंय.

एका बेअरिंगमागचा ०.१० मिमीचा शिम, म्हणजे पातळ चकती, काढून दुसऱ्या बेअरिंगमागे घातला. जेवढा इकडून काढला तेवढाच तिकडे घालायचा, म्हणजे दोन्ही बेअरिंगांवरचा एकूण दाब बदलत नाही. व्हील जेवढं सरकतं तेवढाच बॅकलॅश बदलतो असं मात्र नाही. दात तिरके असल्यामुळे साधारण ७० टक्के फरक पडतो. तसंच झालं, ०.१४ आला. चाक फिरवत चार ठिकाणी मोजलं: ०.१४, ०.१४, ०.१३, ०.१५. म्हणजे व्हील सरळ बसलंय.

मग सात-आठ दातांना निळा रंग लावला, क्राउन व्हीलला फळीने थोडा रेटा देऊन पिनियन दोन्ही दिशांना फिरवला. ड्राइव्हच्या बाजूला, म्हणजे इंजिन जोर लावतं त्या बाजूला, ठसा दाताच्या मधोमध, किंचित आतल्या टोकाकडे झुकलेला. असाच हवा. लोड आला की ठसा बाहेरच्या टोकाकडे सरकतो, म्हणून आतल्या बाजूला थोडी जागा राखलेली बरी. या ठशाकडे बराच वेळ बघत बसलो. इतकं स्वच्छ चित्र पहिल्या फेरीत मिळेल असं वाटलं नव्हतं.

डिफ आतून उघडून पाहिला नाही. आहे तसाच बसवला.

१४ जानेवारी

मातीच्या मोकळ्या ट्रॅकवर पहिली चाचणी. दोन हेअरपिन, एक लांब डावं, उतारावर एक उजवं.

वळणातून बाहेर पडताना फरक ताबडतोब कळला. थ्रॉटल दिला की दोन्ही चाकं एकदम जमीन उकरतात आणि गाडी निघते. पण आत शिरतानाच पंचाईत. स्टिअरिंग वळवावं तर नाक वळत नाही, गाडी सरळ काठाकडे जाते. थ्रॉटल सोडला तर जास्तच. ताईने चौथ्या फेरीनंतर वहीत लिहिलं: "पाय उचललास की गाडी वळायचं विसरते." हेच वाक्य पुढचे अडीच महिने माझ्या डोक्यात होतं.

पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवली तेव्हा मागून कट्-कट् आवाज, आणि आतला टायर घासटत येतोय हे बाहेरून दिसतं.

२१ जानेवारी

आवाज आणि घासणं पाहता प्रीलोड फार असणार. प्रीलोड म्हणजे इंजिनचा काहीही लोड नसताना, नुसत्या स्प्रिंगांच्या दाबाने प्लेटा एकमेकींना किती धरून ठेवतात ते. मोजायला चाकाच्या दोन स्टडवर बसेल अशी लोखंडी पट्टी कापली आणि हबच्या बरोबर मध्यावर नट वेल्ड केला. काट्याचा टॉर्क रेंच घेतला. क्लिकवाला इथे कामाचा नाही, तो फक्त सुटण्याचा क्षण सांगतो. मला चाक सावकाश फिरत असताना काटा कुठे स्थिर राहतो ते बघायचं होतं.

डावं चाक जमिनीवर, उजवं हवेत, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, पुढच्या चाकांना अडण्या. वाचन ११८ न्यूटन-मीटर. तीनदा घेतलं, ११६ ते ११९. कट्-कट् का होते ते कळलं.

एक गोष्ट जाड अक्षरात लिहून गॅरेजच्या भिंतीवर लावली आहे: एक चाक जमिनीवर असताना इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही. ओपन डिफमध्ये वर उचललेलं चाक नुसतं फिरत राहतं. एलएसडीमध्ये जमिनीवरच्या चाकालाही टॉर्क जातो आणि गाडी जॅकवरून उडी मारते.

२८ जानेवारी

कॅरियर बाहेर काढून उघडला. आतलं सगळं टेबलावर मांडलं तेव्हा डिफ मला खऱ्या अर्थाने समजला, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

मधोमध क्रॉस पिन, त्यावर स्टार गिअर, म्हणजे डिफची आतली छोटी गिअरं. पिनच्या दोन्ही बाजूंना दोन प्रेशर रिंग. रिंगांना खाचा आहेत आणि पिनची टोकं त्या खाचांत बसतात. खाचेच्या भिंती सरळ नाहीत, उताराच्या आहेत. हाउसिंग, म्हणजे कॅरियरचा डबा, फिरतं तेव्हा रिंग त्या उतारांनी पिनला ढकलते. पिन पुढे जायला विरोध करते, उतारावरून चढू बघते आणि दोन्ही रिंग बाहेरच्या बाजूला सरकवते. रिंग पलीकडच्या प्लेटा दाबतात. इंजिन जितका जोर लावेल तितक्या प्लेटा घट्ट. १९३५ साली फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियनच्या ग्रां प्री गाडीसाठी झेडएफकडून आपोआप लॉक होणारा डिफ करवून घेतला. तक्रार आमचीच होती: एवढी ताकद आणि आतलं चाक नुसतं फिरतंय.

आमच्या रिंगांमध्ये खाचांचे दोन संच आहेत. एकात दोन्ही भिंती ४५ अंशांच्या. दुसऱ्यात एक भिंत ४५ची आणि एक ७०ची. पिन कुठल्या संचात बसवली यावर स्वभाव ठरतो. आधीच्या मालकाने ४५/४५ वापरलं होतं, म्हणजे थ्रॉटल दिल्यावर आणि सोडल्यावर सारखंच लॉक, दोन्ही चाकं एकमेकांना सारखीच बांधलेली. याला टू-वे म्हणतात.

प्रत्येक बाजूला पाच प्लेटा. तीन आतल्या, त्यांचे दाते चाकाकडे जाणाऱ्या साइड गिअरला धरतात. दोन बाहेरच्या, त्यांची कानं हाउसिंगच्या खोबणीत बसतात. रचना आतली-बाहेरची-आतली-बाहेरची-आतली. रिंग आणि हाउसिंगची भिंत धरून सहा घासणारे पृष्ठभाग होतात.

हिशोब केला. लॉकचं प्रमाण म्हणजे दोन चाकांच्या टॉर्कमधला फरक भागिले एकूण टॉर्क. ते असं निघतं: पृष्ठभागांची संख्या, गुणिले घर्षणांक, गुणिले प्लेटेच्या सरासरी त्रिज्येचं पिनच्या त्रिज्येशी गुणोत्तर, गुणिले उताराच्या कोनाचा कोटँजंट. आमच्या प्लेटेची सरासरी त्रिज्या ४५ मिमी, पिनची ४०. घर्षणांक तेलात ०.१ धरला. ४५ अंशांना कोटँजंट १ असतो, म्हणजे ६ × ०.१ × १.१२५ = ०.६७५. साडेसदुसष्ट टक्के लॉक! ७० अंशांना कोटँजंट ०.३६४, तिथे लॉक २५ टक्क्यांच्या खाली येतं. कोन वाढला की लॉक कमी होतं, हे ऐकायला उलटं वाटतं. पण हातात रिंग धरून बघितली की समजतं: ७० अंशांची भिंत जवळजवळ उभी आहे, पिन तिच्यावर चढत नाही, नुसती टेकते.

म्हणजे पाय उचलल्यावर इंजिन ब्रेकिंगचा जोर येतो, ४५चा उतार प्लेटा तितक्याच आवळतो, बाहेरच्या चाकाला जास्त फिरायचं असतं आणि त्याला ते करता येत नाही. दोन्ही चाकं एका दांड्यावर बसवल्यासारखी फिरतात आणि गाडीला सरळ ठेवतात. ताईचं वाक्य.

प्रीलोड रिंगांच्या मधल्या बारा स्प्रिंगांनी येतो. त्या रिंगांना सतत बाहेर ढकलतात. आज फक्त तेवढंच बदलायचं ठरवलं: एक आड एक अशा सहा स्प्रिंग काढल्या. उतार जसे होते तसेच. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. दर वेळी एक्सल उघडण्यात अख्खा दिवस जातो, तरीही.

आतल्या प्लेटांपैकी दोघींवर निळसर डाग, तापल्याचे. काचेवर ठेवून फीलर गेज (मापाची पातळ पट्टी) घातला तर एकीखाली ०.१२ मिमी सहज गेला. आतल्या सहाही प्लेटा नव्या घातल्या, रात्रभर डिफ ऑइलमध्ये भिजवून. कोरड्या प्लेटा बसवल्या तर पहिल्या दोन मिनिटांतच ओरखडे पडतात.

२९ जानेवारी

एक्सल बंद केला. बॅकलॅश पुन्हा तपासला, ०.१४च. गाडी चार स्टँडवर होती, म्हणून दोन्ही मागची चाकं हवेत ठेवून, पहिला गिअर टाकून प्रीलोड मोजला. ११२.

अर्ध्या स्प्रिंग काढल्या आणि वाचन ११८वरून ११२? काहीतरी अडकलंय, नव्या प्लेटा जाड आहेत, रिंग तिरकी बसली आहे, काय काय डोक्यात आलं. रात्री अकराला पुन्हा उघडायला पाना हातात घेतला होता. ताई म्हणाली, "आज राहू दे. उद्या उजेडात बघ."

३० जानेवारी

उघडायची गरज नव्हती. चूक मोजण्यात होती.

कागदावर मांडलं. एक चाक जमिनीवर, न्यूट्रल: मी उजवं चाक एक फेरा फिरवतो तेव्हा कॅरियर अर्धा फेरा फिरतो. दोन्ही बाजूंच्या प्लेटा प्रत्येकी अर्धा फेराच घसरतात. दोन अर्धे मिळून एक, म्हणजे रेंचवर एका बाजूच्या प्लेटांचा टॉर्क येतो. दोन्ही चाकं हवेत आणि गिअरमध्ये: कॅरियर गच्च धरलेला आहे, उजवं चाक एक फेरा पुढे गेलं की डावं एक फेरा मागे जातं. दोन्ही बाजूंच्या प्लेटा पूर्ण एकेक फेरा घसरतात. रेंचवर दोन्ही बाजू येतात, दुप्पट. ११२ म्हणजे खरे ५६.

गाडी खाली घेऊन डावं चाक टेकवलं, न्यूट्रल, पुन्हा मोजलं: ६०. वरचे चार न्यूटन-मीटर प्रॉपेलर शाफ्ट, सील आणि गिअरबॉक्स ओढण्याचे, ते पहिल्या ११८मध्येही होतेच. ११४चे निम्मे ५७. आकडे जुळले तेव्हा खुर्चीत बसूनच टाळी वाजवली.

दुसऱ्या कुणाचे प्रीलोडचे आकडे वापरायचे असतील तर ते कसे मोजले हे आधी विचारावं. दोन माणसं खरं सांगत असूनही दुपटीचा फरक येऊ शकतो. इथून पुढे माझ्या वहीत सगळे आकडे एक चाक जमिनीवर, न्यूट्रल.

४ फेब्रुवारी

नव्या प्लेटा बसवून घेण्याचं काम. मोकळ्या जागेत हळूहळू आठचा आकडा काढत फिरलो, पंधरा मिनिटं, मग अर्धा तास डिफ थंड होऊ दिला. असं चार वेळा, डावी-उजवी वळणं सारखीच. थ्रॉटल हलका. घाई केली तर प्लेटांचा वरचा थर जळतो आणि काचेसारखा गुळगुळीत होतो. मग तेल काढलं. चुंबकाच्या प्लगवर राखाडी लगदा, बोटांत चोळला तर मऊ, कण लागत नाहीत. प्लेटा एकमेकींवर बसताना हे यायचंच. नवं तेल ७५डब्ल्यू-९० जाडीचं, जीएल-५ दर्जाचं, एलएसडीसाठीचं घर्षण कमी करणारं अॅडिटिव्ह असलेलं. ते नसेल तर प्लेटा पकड-सोड पकड-सोड करतात, तीच ती कट्-कट्.

आणखी एक. मागच्या दोन टायरांचा घेर टेपने मोजला. १४ मिमीचा फरक! एक नवा, एक अर्धा झिजलेला. सरळ रस्त्यावरही प्लेटा सतत घसरत होत्या. आता मागे जोडीचेच टायर.

११ फेब्रुवारी

तोच ट्रॅक. संथ वळणात नाक आता लगेच आत येतं, पार्किंगमधला आवाज गेला. पण लांब डाव्यात आणि उतारावरच्या उजव्यात पाय उचलला की अजून सरळच. प्रीलोडने जेवढं सुटायचं तेवढं सुटलं. उरलेलं उतारांचं काम आहे.

प्रीलोड आणखी कमी करावा का, हा मोह झाला. हिशोब करून बघितला तर नको वाटलं. आमच्या डिफमध्ये स्प्रिंगांचा दाब उतारांच्या दाबात मिळवला जातो. चाक हवेत असताना जमिनीवरच्याला मिळणारा टॉर्क म्हणजे दोन्ही बाजूंच्या प्रीलोडची बेरीज, भागिले (१ वजा लॉक). ५६ प्रीलोड आणि ०.६७५ लॉक धरून ११२ भागिले ०.३२५, सुमारे ३४५ न्यूटन-मीटर. प्रीलोड २५वर आणला तर हेच १५४ होतं. चाक हवेत असताना सुरुवात स्प्रिंगच करून देतात, त्यावर उतार चढतात. स्प्रिंग अगदीच मऊ केल्या तर उचललेलं चाक पुन्हा ओपन डिफसारखं फिरेल, आणि ज्यासाठी एवढं केलं तेच हरवेल.

२५ फेब्रुवारी

पिन ४५/७०च्या संचात हलवली. ड्राइव्हला ४५, थ्रॉटल सोडल्यावर ७०. याला १.५ वे म्हणतात. स्प्रिंगा सहाच, प्लेटांची रचना तीच. संध्याकाळपर्यंत बंद. प्रीलोड ५८.

३ मार्च

वाईट दिवस. गाडी आधीपेक्षा वाईट झाली. थ्रॉटल दिला की आतलं चाक फिरतंय, पाय उचलला की गाडी रुळावर असल्यासारखी सरळ. दहा फेऱ्यांनंतर थांबलो. परत येताना दोघंही फार बोललो नाही. मग ताईच म्हणाली, "अरे, हे आधीसारखं वाईट नाहीये. हे बरोब्बर उलटं आहे."

४ मार्च

उलटंच होतं. उघडून पाहिलं तर ७०ची भिंत ड्राइव्हच्या बाजूला.

कसं झालं तेही सापडलं. कॅरियर बाकावर उभा करून रिंग घालत होतो, क्राउन व्हीलची बाजू खाली. गाडी पुढे जाताना कॅरियर कुठल्या दिशेला फिरतो हे मी एक्सलच्या डाव्या टोकाकडून बघून ठरवलं होतं. बाकावर मात्र मी उजव्या टोकाकडून आत बघत होतो. टोक बदललं की घड्याळाची दिशा उलटते. घड्याळाच्या काट्याप्रमाणे म्हणजे पुढे, एवढंच लक्षात ठेवलं होतं, कुठून बघून ते नाही.

आता पद्धत बदलली. एक्सल गाडीत असतानाच चाक पुढच्या दिशेने फिरवलं आणि कॅरियरच्या कडेवर पेंटने बाण काढला. बाण धातूवर आहे, कुठूनही बघा, तो तिकडेच दाखवतो. मग बाकावर पिन खाचेत ठेवली. हाउसिंग बाणाच्या दिशेने रिंग फिरवतं आणि रिंग पिनला मागून ढकलते. म्हणून बाणाच्या दिशेने बघता पिनच्या मागे जी भिंत आहे ती ड्राइव्हची. त्या भिंतीवर मार्करने 'ड्रा' लिहिलं, समोरच्या भिंतीवर 'सो'. चारही खाचांत. मग हाताने रिंग बाणाच्या दिशेने रेटून पिन खरोखर कुठल्या भिंतीला टेकते ते पाहिलं, आणि ताईला बोलावून तिलाही पाहायला लावलं. ती म्हणाली, "ड्रा." मगच झाकण लावलं.

१० मार्च

गाडी वळते.

लांब डाव्यात पाय उचलला आणि नाक आपणहून आत आलं, तेवढ्याशा उचलण्याने. जेवढा उचलावा तेवढंच. मग थ्रॉटलवर यायचं, दोन्ही चाकं पकडतात, शेपूट थोडी बाहेर, आणि तिथेच धरून ठेवता येते. पाय हा दुसरा स्टिअरिंग होतो असं लोक म्हणतात ते मी आज पहिल्यांदा पायात अनुभवलं. हेअरपिनमध्ये हँडब्रेक आता फक्त अगदी घट्ट असेल तिथेच लागतो.

उतारावरच्या उजव्यात एक गोष्ट बदलली. पूर्वी जोरात ब्रेक मारला तरी मागचा भाग ठाम असायचा, टू-वे लॉक त्याला बांधून ठेवायचं. आता तो हलतो, ताईला सीटमध्ये कळतो. हे १.५ वे घेतल्याचं मोल आहे. ब्रेक बायस, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकांतली जोराची वाटणी, एक फेरा पुढे घेतला, बरंच शांत झालं. आणखी अर्धा घेऊन बघणार.

१७ मार्च

पावसाने भिजलेल्या मातीवर. ड्राइव्हकडचं लॉक आता जास्त वाटतंय, दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि शेपूट झटक्यात जाते. आतलं एकटं चाक सुटलं तर बाहेरचं निदान आडवी पकड धरून ठेवतं. दोन्ही सुटली की मागचं काहीच धरत नाही. कोरड्या खडीवर हा त्रास नाही.

ओल्यासाठी प्लेटांची रचना बदलायचा विचार आहे. त्याच पाच प्लेटा, क्रम आतली-बाहेरची-आतली-आतली-बाहेरची. दोन आतल्या शेजारी आल्या की त्या एकत्रच फिरतात, मध्ये घर्षण नाही. शेवटची बाहेरची हाउसिंगच्या भिंतीला लागून, तिथेही नाही. सहाचे चार पृष्ठभाग होतात, लॉक साडेसदुसष्टवरून ४५ टक्क्यांवर येतं. म्हणजे वळणातल्या दोन चाकांत ७२.५ आणि २७.५ अशी वाटणी. सगळ्या प्लेटांची एकूण जाडी तीच राहते म्हणून स्प्रिंगांवरचा दाब बदलत नाही, एकही नवा भाग लागत नाही. हे फार आवडलं मला. इतकी मोकळीक आत लपलेली आहे आणि ती वापरायला फक्त प्लेटा कुठल्या क्रमाने रचायच्या एवढंच कळायला हवं.

३१ मार्च

चार पृष्ठभागांची रचना केली. प्रीलोड ५१ आला. पृष्ठभाग सहाचे चार झाले की स्प्रिंगांचा टॉर्कही त्याच प्रमाणात उतरायला हवा होता, ५४चा (५८ वजा ओढण्याचे चार) ३६. ओढण्याचे चार धरून ४० अपेक्षित. म्हणून दोन स्प्रिंग परत घालून सहाच्या आठ केल्या होत्या, त्यांनी ४८ आणि वरचे चार, ५२. मोजलेला ५१. हे सगळं उघडण्याआधी वहीत लिहून ठेवलं होतं आणि आकडा तसाच आला.

७ एप्रिल

पहिली खरी रॅली. पहाटेच्या दोन स्टेज (वेळ मोजायचे रस्त्याचे तुकडे) ओल्या, नंतर वाळत गेलेल्या. ओल्यात चार पृष्ठभागांचा डिफ नेमका हवा तसा, आतलं चाक थोडं फिरतं आणि बाहेरचं गाडी धरून ठेवतं. वाळल्यावर दोन हेअरपिनमध्ये आतलं चाक जास्त फिरलं, तिथे सहा हवे होते. ते एका सकाळी बदलणं शक्य नाही. आम्ही मागच्या टायरचा दाब थोडा कमी केला, बाकी पायाने सांभाळलं.

चौथ्या स्टेजमध्ये ताईने नोट वाचली, "लांब डावं चार, मध्ये उचल." नोटमध्ये 'उचल' तिने स्वतः घातलं होतं. आधी तिथे 'ब्रेक' होतं.

१४ एप्रिल

रॅलीनंतरची तपासणी. प्रीलोड ४७, बसता बसता चार उतरले. प्लगवर लगदा कमी, कण नाहीत. तेल काळपट पण जळका वास नाही. बॅकलॅश ०.१५, निळ्या रंगाचा ठसा जागेवर. कॅरियरवरचा पेंटचा बाण पुसट झाला होता, पुन्हा काढला.

पुढची रॅली कोरड्या खडीवर आहे. सहा पृष्ठभाग, सहा स्प्रिंग, ४५/७०. आतल्या प्लेटांचा एक जादा संच तेलात ठेवला आहे, डब्यावर तारीख लिहून.